डासमामांचं टिंब

दुसऱ्याच्या घरात शिरायची डासमामांची एक पद्धत होती. ते कडी वाजवत नसत आणि "कोणी आहे का?" असंही विचारत नसत. ओटीवर चपला काढायच्या, "मी हाय गो!" एवढं मोठ्यानं म्हणायचं आणि सरळ माजघरात जायचं. तिथून कोठीची खोली, देवघर, बाळंतिणीची खोलीसुद्धा. आमच्या गावात सख्ख्या जावयाला जिथे खाकरून जावं लागे तिथे हा माणूस हातात बॅटरी घेऊन खुशाल हिंडत असे, आणि एकाही बाईनं त्यांना पाहून कधी पदर सावरल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं खरं नाव धर्मा. जातीनं कोळी. रेवदंड्यापासून चालत तासाभरावर आमचं गाव. पलीकडे खाडी, अलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. स्वराज्य आलं त्याच्या आगेमागे ते हिवतापाच्या सरकारी खात्यात लागले. काम काय, तर घरोघर जाऊन डास पकडायचे. मारायचे नाहीत, पकडायचे. तोंडात रबरी नळी, तिच्या पुढे काचेची नळी. भिंतीवर बसलेल्या डासाजवळ ती हळूच न्यायची आणि हलकेच श्वास आत ओढायचा. डास काचेत. मग तो परीक्षानळीत सोडून वर कापसाचा बोळा. हे सगळं करताना ते डासाशी बोलत असत. "बस, बस, हललीस त बग. आता कशी शानी झाली!" डासाला ते नेहमी बाई समजूनच बोलत, कारण चावते ती मादी. "बाबा बिचारा फुलावर ऱ्हातो. ह्यो सगला उपद्याप बयेचा," असं म्हणून घरातल्या बायकांकडे पाहत, आणि बायका त्यांना हातातलं जे असेल ते फेकून मारत.

त्यांच्या अंगावर डास बसला तर ते त्याला कधी मारत नसत. आधी वाकून नीट पाहत. शेपूट वर करून बसली तर हिवतापाची, पायांवर पांढरे पट्टे असतील तर दिवसा चावणारी 'पट्टेवाली'. मी एकदा त्यांच्या मानेवरचा डास मारायला हात उचलला तर ओरडले, "बाय, सरकारी माल हाय तो!"

त्यांचा डावा पाय हत्तीरोगानं सुजून खांबाएवढा झाला होता. संध्याकाळी गोठ्याशी बसून डासांना आमिष म्हणून ते तोच पाय उघडा टाकत. "ह्यात आता आनि काय घुसनार? जागा कुटं हाय?" लोक हसत. मीही हसत असे. तो पाय रोज किती मैल ओढून नेतात याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आई, दादा, वहिनी आणि मी असं आमचं घर. मला एक खोड होती, अजून आहे. कोणी चुकीचं बोललं किंवा लिहिलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो, मनातल्या मनात का होईना, माझी लाल शाई चालायचीच. आणि डासमामा म्हणजे माझ्या शाईला रोजचा खुराक. प्रत्येक घराच्या दाराच्या चौकटीवर ते गेरूनं त्या दिवशीचा हिशेब लिहीत: तारीख आणि पुढे "डास ४", "डास ०". घराला कुलूप असलं तर नियमाप्रमाणे "घर बंद" असं लिहायचं. पण अनुस्वारानं त्यांना पार जेरीस आणलं होतं. कधी 'डांस', कधी 'घंर', आणि जिथे हवा तिथे नेमका गायब. आमच्याकडे त्यांची फेरी शुक्रवारी. मी घरी असले तर, आमची चौकट असो की शेजारची, हातात गेरू धरून ते बाहेरूनच विचारत, "बाय, हितं टिंब येतंय का?" मी आतून "येतं" किंवा "नाही" म्हणायची, मग ते लिहीत. एकदा वैतागून म्हणाले, "ह्यो टिंब म्हंजे डासच हाय बग. कुटं बसंल नेम न्हाय." माझ्या सगळ्या नोकरीत व्याकरणावर याच्याइतकं खरं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

घराघरातल्या कोनाकोपऱ्यात त्यांनी काय काय पाहिलं असेल! पण तोंडातून अक्षर बाहेर काढलं नाही. वहिनी नवी होती तेव्हाची गोष्ट. तिच्या हातून आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली आणि भेदरून तिनं तुकडे ट्रंकेच्या मागे लपवले. आई दोन दिवस बरणी शोधत होती. शुक्रवारी डासमामा आले, बॅटरी घेऊन ट्रंकेमागे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. वहिनी दारात उभी, रडवेली. ते उठल्यावर आईनं विचारलं, "धर्मा, माझी बरणी दिसली का रे कुठं?" मामा कापसाचा बोळा घट्ट करत म्हणाले, "मी फकस्त डास बगतो, आई. बाकी मना काय दिसत न्हाय."

त्या दिवसापासून वहिनीच्या लेखी डासमामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दर शुक्रवारी रांजण रिकामा करून घासायचा, वाडीत पडलेल्या करवंट्या पालथ्या घालायच्या, असं त्यांनी सांगितलं होतं. सांगितलं साऱ्या गावाला होतं, पण न चुकता करणाऱ्या दोघीच. एक वहिनी आणि दुसरी खालच्या आळीतली हलिमाबी.

हलिमाबी हे वेगळंच प्रकरण होतं. तिचे दोन्ही मुलगे जहाजावर, घरात एकटी, आणि जीभ कोयत्यासारखी. डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे मामा गावातल्या विहिरींत सोडत होते तेव्हा ती आपल्या विहिरीवर हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "पान्यात मासं हगतील आनि आमी प्यायाचं?" मामांनी पोहरा काढला, त्यात मासे सोडले, तेच पाणी ओंजळीनं प्यायले, आणि पुढच्या आठ दिवसांत रोज सकाळी तिच्या दारात जाऊन विचारलं, "चाची, मी मेलू का?" आठव्या दिवशी तिनं मासे घेतले. ती पटेपर्यंत ऐकत नसे, आणि एकदा पटलं की सोडत नसे.

गावात हिवताप हळूहळू कमी झाला. फवारणीवाले आले, ढेकूण मेले, लोकांनी सरकारला दुवा दिला. पण पावसाळा सरताना एक दुसराच ताप यायचा. अंग मोडून यायचं, डोळ्यांच्या खोबणी ठणकायच्या, माणूस आठवडाभर उठायचा नाही. आम्ही त्याला हाडमोड्या म्हणत असू. मामांचा संशय पट्टेवालीवर होता. त्यांनी खात्यातल्या साहेबाला सांगितलं, साहेबानं आणखी वर कळवलं असावं. कारण एका वर्षी मुंबईहून चार माणसांचं पथक गावात आलं.

पथकाचे डॉक्टर मृदू बोलणारे होते. मराठीच, पण सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे शब्द शोधत बोलायचे. या तापावर लस शोधायचं काम चालू आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मामा त्यांच्या मागे-पुढे करत होते. इतकी वर्षं पकडलेल्या डासांचं कोणीतरी काहीतरी केलं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. डॉक्टर आमच्याकडे जेवले. वहिनीनं केळीच्या पानातले पानगे केले होते. त्यांनी मागून घेतले.

जेवणानंतर त्यांनी मला शाळेच्या भिंतीवर लावायला एक सूचना लिहून मागितली. माझं अक्षर चांगलं, हे त्यांना मामांनी सांगितलं होतं. त्यांनी मजकूर सांगितला: "सोमवारी सकाळी शाळेत सर्वांची लस घेतली जाईल."

सर्वांची लस घेतली जाईल! मला हसूच आलं. म्हटलं, इंग्रजीत शिकलेली माणसं ही अशी. लस सर्वांनी घ्यायची असते, सर्वांची कशी घेतील? मी त्यांना काही न बोलता, मोठ्या ऐटीत, वळणदार अक्षरात लिहिलं: "सोमवारी सकाळी शाळेत येऊन सर्वांनी लस घ्यावी." आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. मग थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि टोपण परत लावलं. "असू दे," म्हणाले, "हेच चांगलं आहे." मला वाटलं, माझ्या मराठीचं कौतुक झालं.

मामांना लांबलचक मजकूर वाचता येत नसे. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, पाठ केला आणि दोन दिवस तो मोठा पाय ओढत घरोघर सांगत फिरले. "सर्वांनी लस घ्यावी. बाईंनी लिवलंय." देवीची लस, क्षयाची लस गावाला माहीत होती. टोचून घ्यायचं, एक दिवस दंड दुखणार, मग निर्धास्त. सोमवारी शाळेच्या ओट्यापासून पिंपळापर्यंत रांग लागली. पहिले मामा. बाही वर करून बसले आणि सुई टोचल्यावर रांगेकडे बघून हसले.

लोक सुईकडे पाहत नव्हते, कोण पाहतं? हलिमाबीनं मात्र पाहिलं. तिचा नंबर यायच्या आधीच ती ओरडली, "आरं धर्मा, हे त रगत काढताव! घालताव कुटं?"

मामा म्हणाले, "चाची, मोटी लस हाय, तिची रीत येगली असंल. बाईंनी लिवलंय, लस म्हंजे लस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. मला तरी कुठे काय माहीत होतं? ती रांग सोडून घरी गेली. डॉक्टर तिथेच होते, चार हातांवर. त्यांना मराठी कळत होतं. ते पुढच्या नळीवर नाव लिहीत राहिले.

गाव निर्धास्त झालं. शुक्रवारी मामा आले की लोक चेष्टा करत, "मामा, आता कशाला? लस घेतलीय ना!" मामाही जरा सैलावले होते, हसून सोडून देत. पण नळी आणि बॅटरी त्यांनी सोडली नाही. वहिनीनं रांजण घासायचं बंद केलं. पोटुशी होती, वाकायला त्रास व्हायचा. "आता लस घेतलीय," ती मला म्हणाली, "एवढं तरी सुख असू दे." करवंट्या पावसात उताण्या पडून राहिल्या.

नवरात्राच्या आधी हाडमोड्या आला, आणि त्या वर्षी असा आला की खालची-वरची एकही आळी सुटली नाही. बहुतेक माणसं उठली. वहिनी उठली नाही. पाचव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. अलिबागला न्यायला गाडी जुंपली तोवर सगळं आटोपलं होतं. ती गेली आणि पोटातलंही गेलं. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "वन्सं, लस घेऊनही असं कसं हो?" मी म्हटलं, "लस आहे म्हणून तर एवढ्यावर निभावतंय." हे मी म्हटलं.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. खरमरीत लिहिलं, की तुमची लस कुचकामी निघाली. त्यांचं उत्तर आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की मला पाठ आहे, पण सगळं सांगत नाही. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं त्याला ते लोक लस म्हणतात. ती लस त्यांनी गावाची घेतली. तिच्यावरून कुठे कोणता ताप होऊन गेला ते कळतं, आणि त्या माहितीवरून पुढे कधीतरी टोचायची लस तयार होऊ शकेल, बरीच वर्षं लागतील. आपल्या गावाच्या सहकार्याबद्दल आभार. दुःखात सहभागी.

सर्वांची. त्यांचं मराठी बरोबर होतं. चूक होती ती माझ्या दुरुस्तीत.

पण त्यांनी ती वाचली होती! हे मला आजही गिळता येत नाही. पेन काढलं होतं, टोपण उघडलं होतं. 'नी'चा 'ची' करायला कितीसा वेळ लागला असता? रक्त द्या म्हटलं तर पाच माणसं आली असती, लस घ्या म्हटलं तर गाव येईल, हे त्यांना तेवढ्यात कळलं आणि त्यांनी टोपण लावलं. ज्या बाईच्या हातचे पानगे मागून खाल्ले तिला तरी सांगायचं! सांगितलं असतं तर तिनं रक्तही दिलं असतं आणि रांजणही घासला असता. मला त्या माणसानं फसवलं. माझ्या हातून साऱ्या गावाला फसवलं.

हे सगळं मी गावाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं, तर पत्र आलं त्याच दुपारी शाळेत गेले आणि भिंतीवरचा तो कागद फाडून घरी आणला. चुलीत घातला.

पथकातल्या कुणाकडून की रेवदंड्याच्या दवाखान्यातून, कोण जाणे, पण बातमी आलीच. लस दिलीच नव्हती, नुसतं रक्त नेलं. एका रविवारी सकाळी माणसं शाळेपुढे जमली. मामांना बोलावलं होतं. ते आले, ओट्याच्या पायरीवर बसले, सुजलेला पाय पुढे पसरून. दादानंच विचारलं. दादाचा आवाज तेव्हा चढतही नसे, उतरतही नसे. "धर्मा, लस आहे म्हणून कोणी सांगितलं तुला?"

मामांनी भिंतीकडे पाहिलं. कागद होता तिथे आता गोंदाचे चार ठिपके होते. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खिडकीपाशी उभी होते.

"कोन सांगनार?" ते म्हणाले. "बाईंनी बराबर लिवलं व्हतं, माज्याच टालक्यात तसा शिरला. शिकलेला न्हाय मी, समाजला न्हाय मना."

"किती पैसे दिले रे त्यांनी?" मागून कोणीतरी ओरडलं.

 मामांनी बाही वर केली आणि सुई टोचली होती ती जागा पुढे धरली, जणू तिथे अजून काही दिसत होतं. कोणी पाहिलं नाही. लोक पांगले.  जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि माझी एक सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

त्यानंतर गावानं मामांना शिव्या दिल्या नाहीत की मारलं नाही. नुसती दारं लावून घेतली. शुक्रवारी त्यांची चाहूल लागली की आळीतल्या कड्या एकामागून एक पडत. बायका पदर घेऊ लागल्या. ते ओटीवर उभे राहून "मी हाय गो" म्हणत, आत कोणी हलत नसे. फक्त हलिमाबीचं दार उघडं असे. एकदा ते तिच्या पडवीत बसलेले मी पाहिले, ती त्यांना म्हणत होती, "तुजी बाय कायला गप हाय, धर्मा?" त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबले नाही. त्यांची म्हसळ्याकडे बदली होणार, असं त्याच सुमारास कानावर आलं.

शेवटचं पाहिलं तो शुक्रवारच होता. 'पाहिलं' म्हणायचं झालं तर दाराच्या फटीतून. दादा झोपाळ्यावर बसला होता. आई आतल्या खोलीत. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. एक पाय नेहमीसारखा, दुसरा घासत.

"मी हाय गो."

दादानं मान वर न करता मला सांगितलं, "म्हणावं, घरात कोणी नाही."

मी दारामागे उभी होते. मी म्हटलं, "घरात कोणी नाही."

 आमच्या चौकटीवर वहिनीच्या पहिल्या वर्षापासूनचे आकडे होते, त्यांतले कितीतरी मला विचारून लिहिलेले. फटीतून मला त्यांचा हात तेवढा दिसत होता. त्यात गेरूचा खडा. त्यांनी तारीख घातली. पुढे सावकाश दोन शब्द लिहायला घेतले आणि थांबले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "बंदमदी टिंब येतंय ना?"

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. इतकी वर्षं विचारत होते तसंच विचारत होते, आणि उत्तराची वाट पाहत होते. मला नुसतं "येतं" म्हणायचं होतं. दादा माझ्याकडे पाहत होता.

मी गप्प राहिले. काही वेळानं चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा चौकटीवर लिहिलं होतं: "घर बद".

पुढे घराला दोनदा रंग दिला. चौकटीचा तेवढा तुकडा मी रंगवू दिला नाही. ती एकच चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही.